धुऱ्यावाल्याच्या नावानंतर

आई,

बाबांचं गिळणं कालपासून जवळजवळ थांबलं आहे. आज सकाळी हिंगणघाटहून डॉक्टर येऊन गेले, त्यांनीच तसं सांगितलं. आता कुठे हलवू नका, घरीच राहू द्या, ओठ ओले करत राहा, म्हणाले. मी अंगणापर्यंत त्यांच्या मागे गेले आणि किती दिवस ते विचारलं. त्यांनी गाडीची काच खाली केली आणि म्हणाले, ताई, आता दिवसांचा हिशेब धरू नका, सकाळ-संध्याकाळचा धरा. धाकट्याने ते ऐकलं आणि मोटार चालू करायला शेतात निघून गेला. मेथीला पाणी द्यायचं होतं. मेथी कोणासाठी थांबत नाही, हे तूच आम्हाला शिकवलंस.

मी तुझ्या स्वयंपाकघरात बसून हे लिहिते आहे. दुपार आहे, बाबांना डोळा लागला आहे. कुडाची भिंत जाऊन आता विटांची आली, चुलीच्या जागी गॅसचा ओटा आला, पण तू जिथे बसायचीस तो कोपरा तसाच आहे. तुझी सून तिथे कांद्याची टोपली ठेवते. तिने तुला पाहिलेलंही नाही, तुला जाऊन इतकी वर्षं झाली. पण बाबा शुद्धीवर असले की तुझ्याबद्दल असे बोलतात, जसं तू आत्ताच भाजीची पाटी घेऊन बाजारात गेली आहेस आणि तुला उशीर होतो आहे.

मी थकले आहे, आई. आधी तेवढंच सांगते, म्हणजे पुढचं सरळ लिहिता येईल. वर्ध्याचं घर बंद करून इथे आले तेव्हा थंडी सुरू व्हायची होती, आता तुरी सोंगायला आल्या. माणूस उचलणं, कूस बदलणं, चादर काढणं, चमच्याने पेज भरवणं, अर्धी बाहेर आली की पुसणं. भावजय करते, धाकटाही करतो, पण बाबांना माझाच हात लागतो. दुसरं कोणी आलं की दात घट्ट मिटून घेतात. पाठ धरली आहे. पहाटे बसते तुझ्यासारखी, तू दिलेल्या त्या गोधडीच्या घडीवरच, आणि श्वासाकडे लक्ष नेता नेता मान खाली पडते. जाग येते तेव्हा उजाडलेलं असतं. वाटायला काही जमलंय की नुसती झोपच झाली, हे कळत नाही.

हे पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. परवा धुऱ्यावाला आला होता.

तुला तो हट्टाकट्टाच आठवत असेल. तो आताही तसाच आहे. काठी आहे हातात, पण ती टेकण्यापेक्षा कुत्री हाकलायला जास्त. आपल्या आणि त्याच्या वावरातला धुरा, वर्ध्यात ज्याला बांध म्हणतात तो, आता एवढासा उरला आहे, त्यावरून चालताना एक पाय आपल्यात पडतो आणि एक त्याच्यात. तो येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. सोबत सांबाराची जुडी घेऊन आला, ओल्या फडक्यात गुंडाळून. वर्ध्यात माझ्या शेजारणी कोथिंबीर म्हणतात, मीही तिथे तसंच म्हणते, इथे पाय ठेवला की जिभेवर सांबारच येतो. जुडी बाबांच्या उशाशी ठेवली आणि स्टूल ओढून बसला.

"काय गड्या, हायेसच का अजून?"

बाबांनी डोळे उघडले. त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुले पोचवल्याबिगर कसा जाऊ?"

"मंग तं तू बसच. मले काई घाई नाई."

दोघंही हसले. बाबांना हसताना ठसका लागला, मी पाठ चोळली. ठसका शमल्यावर बाबा त्याला म्हणाले, "माही बायको रोज तुह्यं नाव घे. म्हाईत हाये का तुले?"

"माह्यं? काऊन?"

"पुन्य दे तुले. रोज पहाटे. पुरं नाव घेऊन, बापासकट."

धुऱ्यावाला आधी माझ्याकडे बघून हसला, म्हाताऱ्याला भ्रम झालाय अशा नजरेने. मी मान हलवली, खरं आहे म्हटलं. तेव्हा त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हून तं टिकलो मी," म्हणाला, "डागदर म्हने, काका, तुमाले काई बी नाई. मी म्हनो काऊन बरं नसन." विनोदच केला त्याने, पण जाताना तुझ्या कोपऱ्याच्या दिशेने उगाच हात जोडले. तिथे कांदेच होते.

तो गेल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून पडले. मला वाटलं झोपले. सांबाराच्या जुडीचं फडकं वाळायला लागलं होतं, ते मी ओलं करत होते. तेव्हा पाठमोरेच बोलले.

"बाई."

"काय बाबा?"

"तू तं बसत होती तुह्या मायजवळ. मले खरं सांग. माह्यं नाव घे का ते?"

आई, ज्या दिवशी तू ध्यानाच्या शिबिरातून परत आलीस तो दिवस मला नीट आठवतो. कारण त्या दिवशी बाबांनी ताट उष्टं टाकलं, आणि आपल्या घरात अन्न टाकल्याचं मी ते एकदाच पाहिलं. आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर तुला घेऊन गेल्या होत्या. सिस्टर पलीकडच्या बौद्ध वस्तीत राहायच्या, भाजी आपल्याकडूनच घ्यायच्या, आणि गावात त्यावरून बोललं जायचंच, की माळ्याची बाई त्यांच्या नादी लागली, आता देवबीव सोडते की काय. बाबांनी ते बोलणं फारसं मनावर घेतलं नव्हतं. तुला झोप येत नव्हती हे त्यांना दिसत होतं. कितीतरी वर्षं तू पहाटेची वाट बघत पडून राहायचीस. जाऊन ये, म्हणाले. पाटीभर वांगी स्वतः खुडून दिली तिथल्या स्वयंपाकघरासाठी.

तू आलीस. मौन सुटलेलं होतं तरी आवाज अजून खालच्या पट्टीतच होता. भाकरी टाकत होतीस, बाबा जेवत होते, मी पाणी देत होते. बाबांनी विचारलं, मंग काय शिकून आली? तू म्हणालीस, बसाले शिकली. अन् उठताना जे काई चांगलं झालं ते साऱ्याइले वाटून देयाचं.

"साऱ्याइले म्हंजे?"

"साऱ्याइले. दुश्मनाले बी. ज्याच्यावर राग हाये त्याचं तं नाव घेऊन."

"कोनाचं नाव घेतलं तू?"

तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि धुऱ्यावाल्याचं नाव सांगितलंस. पूर्ण, तलाठ्याकडे लिहितात तसं.

त्याच वर्षी त्याने नांगर धुऱ्यावर घातला होता. काठ्या निघाल्या होत्या, पंचांपर्यंत गेलं होतं, बाबा आठवडाभर ताप आल्यासारखे धुमसत होते. एवढ्याशा मातीसाठी एवढं काय, असं मला तेव्हा वाटायचं.

"त्याले देल्लं? म्या वांगे देल्ले, बसचं भाडं देल्लं, अन् तू सारं पुन्य त्याले वाटून आली? आपल्या घराले काय ठेवलं?"

तू अगदी सरळ त्यांना म्हणालीस, "तुमी बाजारात गिऱ्हाइकाले वर सांबार देता. त्यानं पाटीतले वांगे कमी होते का?"

मला हसू आलं होतं. कारण बाबांची बाजारातली ती सवय सगळ्या अल्लीपूरला माहीत होती. वांगी असोत की पालक, तोलून झालं की चार काड्या सांबार वर. कोणी मागायच्या आत. भांडणाऱ्या गिऱ्हाइकाला तर जास्तच. घरात शब्द मोजून वापरणारा माणूस बाजारात सांबार मात्र मोजायचा नाही. मला वाटलं तेही हसतील. त्यांनी ताट सरकवलं आणि उठले. परत शिबिराला जायचं नाही एवढंच म्हणाले. तूही पुन्हा कधी विचारलं नाहीस.

त्यानंतर तू या कोपऱ्यात बसायला लागलीस, चूल पेटवायच्या आधी. मी वर्ध्याला वर्तमानपत्रात लागले, रविवारी घरी यायचे, आणि एका रविवारी तू मला काही न सांगता शेजारी गोधडीची घडी टाकून दिलीस. जुन्या लुगड्यांची होती, तुझीच शिवण. मी बसायचे, पाय दुखले की हलायचे, आणि वाट बघायचे ती शेवटच्या तुझ्या बोलण्याची. ते तू शिबिरात सांगतात तसं म्हणायची नाहीस, तुला ते पुस्तकी शब्द जमले नाहीत. आपल्याच बोलीत म्हणायचीस. माह्या बसन्यातून काई चांगलं झालं असन तं ते साऱ्याइचं. लेकराइचं. बैलाइचं. विहिरीतल्या जीवाइचं. भाजी नेनाऱ्याइचं. मग धुऱ्यावाल्याचं नाव, बापासकट. मग तू थांबायचीस. मग, जे दिसते त्याइचं, अन् दिसत नाई त्याइचं. आणि शेवटी शिबिरातला एकच शब्द, साधू.

एकदा मी मध्येच विचारलं होतं, कोणाकोणाले देते माय एवढं? तू डोळे न उघडता म्हणालीस, "वाटताना बोलू नोको. अन् मोजू तं नोकोच." ते बोलणं मला इतकं लागलं की पुन्हा तुझ्या वाटण्याबद्दल मी कधीच काही विचारलं नाही. चांगली बातमीदार झाले नसते मी. पुढे डेस्कवरच बसवलं मला, ते बरोबरच केलं.

आणि कुडाच्या भिंतीपलीकडे बाबांची बाज होती. ते उठलेले असायचे, सुपारी कातरत बसलेले. अडकित्त्याचा कट्कट् आवाज आपल्याला इकडे ऐकू यायचा. तू बोलायला लागलीस की तो आवाज थांबायचा. हे मला आत्ता, त्यांनी विचारल्यावर आठवलं. तेव्हा मला वाटायचं सुपारी संपली असेल. सगळी वर्षं ते ऐकत होते, आई. लेकरं आली, बैल आले, विहिरीतले बेडूकसुद्धा आले. मग ज्याच्यावर काठी उगारली त्याचं नाव आलं. आणि मग तू थांबलीस, आणि तो आपला वाटा येण्याची वाट बघणारा माणूस अडकित्ता हातात धरून तसाच बसला.

मी त्यांना खात्री करून सांगते म्हटलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीने तोंडात बसलेलं वाक्य आहे ते, वडिलांच्या उशाशी बसून म्हणताना कसंसंच झालं. पण त्यांना ते पटलं. "कर," म्हणाले, "पर लवकर कर. माह्यापाशी टाइम नाई." माझ्या एकाही संपादकाने मुदत इतक्या सरळ सांगितली नव्हती.

धाकट्याला सांगितलं तर तो चिडला. पाइपला चिंधी बांधत होता, तसाच ओल्या हाताने उभा राहिला. "हो म्हन ना ताई! काय जाते तुह्यं? मानूस चालला, अन् तू खात्री करून राह्यली."

"खोटं कसं सांगू? रोज सकाळी शील घेते मी, खोटं बोलणार नाही म्हणून. तोंडाने घेते आणि संध्याकाळी बापाशी खोटं बोलू?"

"तू पेपरवाली. जसं काई कधी खोटं छापलंच नाई."

"खोटं नाही छापलं. खरं गाळलं असेल."

"मंग इथं बी गाळ," म्हणाला, "ते थांबे हे गाळ, अन् सांग का तुमचं नाव होतं." भावजय आतून म्हणाली, "जाऊ द्या ना आता, ताईले तरी कोन हाये दुसरं इचाराले?" तिच्या त्या बोलण्यावरून मला सिस्टर आठवल्या.

सिस्टर आहेत अजून. आर्वीला मुलाकडे असतात. त्यांच्या सुनेचा नंबर माझ्याकडे होता, काल दुपारी फोन लावला. कान गेले आहेत, मला अंगणात जाऊन ओरडून बोलावं लागलं, अर्ध्या आळीने ऐकलं असेल. मी सगळं सांगितलं. धुऱ्यावाल्याच्या नावानंतर आई थांबायची, ती कोणासाठी, बाबांसाठी का, असं विचारलं.

"थांब थांब. थांबाचं मीच सांगतलं होतं तिले," म्हणाल्या.

आणि मग मला जे कळलं ते तुला ठाऊकच आहे, तरी लिहिते. मला ते कोणी सांगितलं नव्हतं. माझ्यानंतर आणि धाकट्याच्या आधी घरात एक बाळ झालं आणि राहिलं नाही, एवढंच मला धूसर माहीत होतं. मी लहान होते, मला मामांकडे समुद्रपूरला पाठवलं होतं, परत आले तेव्हा घर झाडलेलं, सारवलेलं होतं आणि कोणी काही बोलत नव्हतं. सिस्टर त्या बाळंतपणाला होत्या. बारशाच्या आधीच गेलं, म्हणाल्या. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत. बाबांनी फडक्यात गुंडाळून ते एकट्याने नेलं आणि धुऱ्यावर पुरलं, पळसापाशी. तू घरात होतीस, तुला नेलं नाही.

"तुह्या मायची झोप तवापासून गेली," सिस्टर म्हणाल्या. "शिबिरात मले इचारलं तिनं. ज्याचं बारसंच नाई झालं त्याले काय म्हनून देऊ, सिस्टर? मी म्हनलं, नाव नसन घेता येत तं तिथं जराशी थांबजो. त्याले समजते."

मी विचारलं, आणि बाबांसाठी? त्या म्हणाल्या, ते मले नाई मालूम बाई. वाटणी तं मनातली असते. मी कशी सांगू? मग सुनेला फोन द्यायच्या आधी म्हणाल्या, "मी तुह्या मायसाठी रोज थांबते हो. तिचं नाव मले म्हाईत हाये, तरी थांबते. सवय झाली."

तर आता माझ्याकडे एवढी पक्की माहिती आहे, आणि ती देणारी बाळंतपणातही हजर होती आणि शिबिरातही. तू थांबायचीस ती त्या बाळासाठी. धुऱ्यावाल्याचं नाव घेता घेता तू धुऱ्यापर्यंत पोचलेली असायचीस, आणि मग तिथे जरा उभी राहायचीस, जिथे तुला कधी नेलं नव्हतं. बाबांची काठी एवढ्याशा मातीसाठी का निघाली हेही मला कळलं. नांगर कशावरून गेला हे त्यांनी पंचांना सांगितलं नाही, धुऱ्यावाल्याला सांगितलं नाही, आणि वाटतं, तुलाही सांगितलं नसेल. तुला ते आधीच कळलं असेल. आणि कळूनही तू त्या माणसाचं नाव बापासकट घेत राहिलीस. हे मी कालपासून मनात फिरवते आहे आणि मला ते पेलत नाही. मी शिवायचंही विसरले, उशीचा अभ्रा तसाच उसवलेला पडला आहे.

पण बाबांचं नाव? त्याची खात्री देणारं तुझ्याशिवाय कोणी नाही. काल संध्याकाळी पेज ढवळताना मात्र एक गोष्ट लक्षात आली, आणि ती इतकी साधी आहे की आजवर का सुचली नाही. तू बाबांचं नाव कधीच घेतलं नाहीस. कुठेच नाही. रेशनच्या दुकानात मला पुढे करायचीस. मतदानाच्या खोलीत बाईंनी पतीचं नाव विचारलं तेव्हा तू पदर तोंडाशी नेलास आणि मी सांगितलं. हळदीकुंकवाला बाया उखाणा घे म्हणून मागे लागायच्या आणि तू उठून चहा बघायला जायचीस. तुझ्या तोंडून त्यांचं नाव बाहेर पडणं शक्यच नव्हतं. मग नाव घेता न येणारे आपल्या घरात दोघं होते, एकाला नाव नव्हतं म्हणून आणि एक तुझा नवरा होता म्हणून. आणि सिस्टरांनी तुला सांगून ठेवलं होतं, की नाव घेता येत नसेल तिथे थांबायचं.

हे माझं अनुमान आहे. बातमीत चाललं नसतं. मीच कोणाचं तरी असं वाक्य लाल पेनाने खोडलं असतं. भावजयीला सांगितलं तर ती म्हणाली, "अवो ताई, नवऱ्याचं नाव कोनती बाई घेते? बाबाजीले हे समजत नसन का?" समजत असेल. पण रोज पहाटे कान लावून बसलेल्या माणसाला काय समजतं आणि काय हवं असतं, हे वेगळं. आज सकाळी डॉक्टर यायच्या आधी बाबा पुन्हा बोलले. आता शब्द ओठांवरून उचलावे लागतात. मी कान जवळ नेला. "सांबार तं मी साऱ्याइले दे," म्हणाले. मग खूप वेळाने, "तिले काय देल्लं?" मी बोळा भिजवून ओठांवर फिरवला.

आता हे संपवते. ऊन ओट्यावरून खाली उतरलं आहे, धाकटा येईल, आणि बाबा जागे होण्याची वेळ झाली. आज त्यांना ग्लानी जास्त आहे. डॉक्टर म्हणाले सकाळी जरा तरतरी असते, तेव्हा काय बोलायचं ते बोलून घ्या. उद्या पहाटे मी माझी घडी त्यांच्या बाजेशी टाकणार आहे. जे पक्कं आहे ते सांगेन. आई धुऱ्यावर थांबायची, बाबा, रोज, तुम्ही ज्याला तिथे ठेवलंत त्याच्यापाशी. तुमचं नाव त्यात होतं का हे मला माहीत नाही, तिला ते घेताच येत नव्हतं. एवढं सांगेन आणि बसेन. झोप लागली तर लागली. इतके महिने उचललं, पुसलं, भरवलं, त्यातून काही झालं असेल तर तेच वाटेन, दुसरं माझ्याकडे काही नाही. लेकरांचं, बैलांचं, विहिरीतल्या जीवांचं म्हणेन. बैल आता नाहीत, तरी म्हणेन. धुऱ्यावाल्याचं नाव घेईन, थांबेन, आणि मग बाबांचं नाव घेईन, पूर्ण, त्यांच्या बापासकट. मोठ्याने. त्यांचे कान अजून शाबूत आहेत. बायकोला जे चालत नव्हतं ते लेकीला चालतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. घडी करून गोधडीखाली ठेवते. एक मात्र तुला सांगून ठेवते. तू गेल्यापासून मी रोज तुझ्याचसारखं वाटते, तुझ्याच क्रमाने, आणि त्याच जागी थांबतेही. तुझं बघून उचललं. मला वाटायचं ती दम घ्यायची जागा आहे. इतकी वर्षं मी तिथे थांबून कधी दूध सांगायचं राहिलं हे आठवलं आहे, कधी गॅस लावायचा आहे हे. तिथे कोणीच नव्हतं, आई.

बाज वाजली. जागे झाले वाटतं.